एन्टरप्राइझच्या इंजिनातून जाळ का निघतो? टीव्ही मालिकांच्या कॉमिक्समागचा कागदी कारभार

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन विज्ञानकथा मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली, म्हणजे २०२६ मध्ये तिला ६० वर्षं पुरी होतात. ओटीटीवर मालिका नव्याने पाहणारी मंडळी हौसेने तिची जुनी कॉमिक्स शोधतात आणि पहिल्याच अंकात चक्रावतात. १९६७ च्या त्या अंकात एन्टरप्राइझ यानाच्या इंजिनांतून दिवाळीतल्या बाणासारखा जाळ निघतो. मालिकेत तो कधीच निघत नाही. अंकाच्या शेवटी तर कॅप्टन कर्कचं यान एका ग्रहावरची सगळी वनस्पतीसृष्टी किरणांनी भाजून काढतं. वनस्पती माणसं खाणाऱ्या होत्या हे कबूल. पण मालिकेतला कर्क आधी बोलणी करून पाहतो, निदान दोन वाक्यांचं भाषण तरी ठोकतो. इथे त्यातलं काहीच नाही.

मग हे ‘स्टार ट्रेक’ आहे की नाही? चित्रकाराला समजलं नाही की लेखकाला? माझं म्हणणं असं की अशा कॉमिकमध्ये काही विचित्र दिसलं, तर लेखक-चित्रकाराला बोल लावण्याआधी करारपत्र आठवावं. पानावर जे दिसतं त्यातलं निम्मं तिथे ठरलेलं असतं.

परवाना म्हणजे काय?

मालिका एका कंपनीच्या मालकीची असते आणि कॉमिक छापते दुसरीच कंपनी. मालक छापणाऱ्याला ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक पैशांत, ठरावीक गोष्टी वापरायला देतो. याला म्हणायचं परवाना. पुण्यामुंबईत भाड्याने राहिलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. आपल्या अकरा महिन्यांच्या कराराचं नावच मुळी ‘लीव्ह अँड लायसन्स’. घर वापरा, खिळे विचारून ठोका, भिंत पाडायचा विचारही करू नका, आणि निघताना घर होतं तसं परत करा. कॉमिकच्या लेखकालाही नेमकं हेच सांगितलेलं असतं. पात्रं वापरा, पण मारू नका, त्यांची लग्नं लावू नका, आणि गोष्ट संपेल तेव्हा सगळे जिथे होते तिथे परत उभे करा.

त्यावर मंजुरीचा फेरा असतो. कथेचा आराखडा, मग पटकथा, मग पेन्सिलने काढलेली चित्रं, मग शाई मारलेली पानं, असं एकेक मालकाच्या कचेरीत जाऊन येतं. मासिक दर महिन्याला निघायचं असतं आणि मंजुरी मात्र तिच्या चालीने येते. परवानाधारक कॉमिक्समध्ये जोखमीची गोष्ट क्वचित दिसते, त्याचं एक कारण हा फेरा आहे. जी हमखास मंजूर होईल ती गोष्ट लिहिणं लेखकाला परवडतं.

पण चित्रकाराने मालिका बघायला काय हरकत होती?

बघायची कुठे? व्हिडिओ घरोघर नव्हता. पहिली कॉमिक्स अमेरिकेच्या ‘गोल्ड की’ या प्रकाशनाने काढली. १९६७ ते १९७९ या काळात ६१ अंक निघाले. सुरुवातीचे अंक नेविओ झेक्कारा आणि मग दीर्घकाळ आल्बेर्तो जोलित्ती यांनी काढले. दोघेही इटालियन. जोलित्तींचा स्टुडिओ रोममध्ये होता, आणि ते मालिका न पाहताच, अमेरिकेतून आलेली प्रसिद्धीची छायाचित्रं समोर ठेवून काम करत होते. छायाचित्रात यान स्थिर असतं. ते उडताना मागून काय निघतं, हे त्यात कळत नाही. त्या काळी रॉकेट म्हटलं की जाळ आलाच, म्हणून त्यांनी जाळ काढला. मला यात त्यांची चूक दिसत नाही. उलट ग्रहांवरची जंगलं, पडक्या नगऱ्या, वादळं अशा ज्या जागा छायाचित्रात नव्हत्या आणि मनानेच रचायच्या होत्या, तिथे जोलित्तींचा हात असा चालतो की स्टुडिओतले पुठ्ठ्याचे खडक त्यापुढे केविलवाणे वाटावेत.

ब्रिटनमध्ये आणखी गंमत. तिथल्या मुलांच्या साप्ताहिकात ही चित्रकथा १९६९ च्या जानेवारीत सुरू झाली आणि बीबीसीवर मालिका दिसली त्याच वर्षीच्या जुलैत. म्हणजे ब्रिटिश पोरांनी आधी कॉमिक वाचलं, मग मालिका पाहिली. सुरुवातीच्या भागांत कॅप्टन कर्कचं नाव ‘कर्ट’ असं छापलं जात होतं, आणि ते कुणाला खटकण्याचा प्रश्नच नव्हता.

एकाच मालिकेचे मालक किती?

इथे खरा गुंता आहे. आपण ‘मालिकेचे हक्क’ असं एकवचनात बोलतो, पण हक्कांचं गाठोडं सोडलं की आत बऱ्याच पुरचुंड्या निघतात. ब्रिटनच्या ‘डॉक्टर हू’चं उदाहरण पाहू. ही मालिका १९६३ साली सुरू झाली आणि १९६४ च्या नोव्हेंबरपासून ‘टीव्ही कॉमिक’ नावाच्या साप्ताहिकात तिची चित्रकथा येऊ लागली. तीत काळातून प्रवास करणारा नायक डॉक्टर आहे, त्याचं यान असलेली निळी पेटी आहे, पण पडद्यावरचे त्याचे सोबती गायब. त्यांच्या जागी जॉन आणि जिलियन ही दोन नातवंडं, जी मालिकेत कधी दिसलीच नाहीत. कारण सरळ आहे. साप्ताहिकाने डॉक्टरपुरता परवाना घेतला होता. सोबत्यांचे पैसे वेगळे पडले असते. नातवंडं फुकटात निर्माण करता आली.

आणि डालेक? मालिकेतले हे सर्वात लोकप्रिय खलनायक. त्यांचे हक्क बीबीसीच्या एकट्याच्या हातात नव्हते. त्यांना जन्म देणारा लेखक टेरी नेशन याचाही वाटा होता. त्याने डालेकांची चित्रकथा ‘टीव्ही सेंच्युरी २१’ या दुसऱ्याच साप्ताहिकाला दिली. १९६५ च्या जानेवारीपासून तिथे डालेकांची स्वतःची गाथा दर आठवड्याला एक रंगीत पान अशी सुरू झाली, आणि तीत डॉक्टरचा पत्ताच नाही. एका साप्ताहिकाकडे नायक, दुसऱ्याकडे खलनायक. बिचाऱ्या ‘टीव्ही कॉमिक’ने मग ‘ट्रॉड’ नावाचे यंत्रमानव काढले आणि डॉक्टरला त्यांच्याशी लढवलं. पुढे १९६७ मध्ये डालेक त्यांच्याही हाती लागले, तेव्हा ट्रॉडांचं काम संपलं.

चेहऱ्यांचंही असंच. पात्र कंपनीचं असतं, पण चेहरा नटाचा. त्यासाठी बहुधा वेगळी संमती लागते आणि काही नट स्वतःचं प्रत्येक चित्र तपासून पाठवतात. म्हणून पात्राची केशरचना ओळखीची, गणवेश अचूक, पण चेहरा कुणा भलत्याच गृहस्थाचा, असं चित्र दिसलं तर नवल वाटू देऊ नका. सर्वात अजब प्रकार १९७० च्या दशकात ध्वनिमुद्रिकेसोबत मिळणाऱ्या ‘स्टार ट्रेक’ कॉमिक्समध्ये आहे. तिथे मूळची कृष्णवर्णीय उहुरा सोनेरी केसांची गोरी बाई झाली आहे आणि आशियाई सुलू कृष्णवर्णीय. उहुरा ही त्या काळच्या अमेरिकन टीव्हीवर मानाने वावरणारी मोजकी कृष्णवर्णीय स्त्री होती. तिलाच असं पुसून टाकलेलं पाहून आजही चीड येते.

पुढे १९८० मध्ये मार्व्हल कंपनीने ‘स्टार ट्रेक’चा परवाना घेतला. तो होता फक्त १९७९ च्या चित्रपटापुरता. पात्रं तीच, यान तेच, पण मूळ मालिकेच्या ७९ भागांत घडलेल्या कशाचाही उल्लेख करायला बंदी. पहिल्या तीन अंकांत चित्रपटच पुन्हा सांगून झाला, आणि मग पुढे काय लिहायचं हा पेच पडला. १९८२ च्या सुरुवातीला, १८ अंकांवर, ते बंद पडलं.

भागच जसाच्या तसा का काढत नाहीत?

काढतात, पण तो जसाच्या तसा राहत नाही. साधा हिशेब करा. अमेरिकन मासिक कॉमिकमध्ये गोष्टीची पानं साधारण बावीस. पानावर पाच-सहा चौकटी. म्हणजे सगळ्या मिळून एकशेवीसच्या आसपास. पन्नास मिनिटांच्या भागातलं बोलणं तेवढ्या चौकटींच्या फुग्यांत कोंबलं, तर चित्राला जागा उरत नाही. मग संवाद छाटावे लागतात. दोन माणसं खोलीत बसून वाद घालताहेत हा टीव्हीला स्वस्तातला आणि अनेकदा उत्तम प्रसंग, पण कागदावर त्याच दोन मुंडक्यांच्या बारा चौकटी होतात. कर्कचा व्हल्कन ग्रहावरचा सहकारी स्पॉक भुवई उंचावतो तो क्षण पडद्यावर हसू आणतो, कारण त्याआधी अर्धा सेकंद शांतता असते. कागदावर ती शांतता एक आख्खी चौकट खाते.

उलट बाजूने कागद दिलदार आहे. मूळ मालिकेत माणसं प्रकाशकिरणांतून ग्रहावर उतरतात, ती युक्ती पैसे वाचवण्यासाठी काढलेली होती. दर भागात यान उतरवण्याचं चित्रण परवडलं नसतं. कॉमिकमध्ये शंभर यानांचा ताफा काढायला चित्रकाराची एक रात्र जास्त जाते, एवढंच.

याचा सुंदर उपयोग २०१४ साली झाला. मूळ मालिकेतला ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ हा १९६७ चा भाग सर्वोत्कृष्टांत गणला जातो. पण तो लिहिणारे हार्लन एलिसन आयुष्यभर धुमसत राहिले, कारण त्यांची मूळ पटकथा खर्च आणि मालिकेचा साचा यांपायी बदलण्यात आली होती. आयडीडब्ल्यू या प्रकाशनाने ती मूळ पटकथाच पाच अंकांत चितारली. प्रसारित भागात यानावरचा डॉक्टर मॅकॉय औषधाच्या अपघाती मात्रेने भ्रमिष्ट होऊन भूतकाळात पळतो. एलिसनच्या कथेत पळणारा हा अमली पदार्थ विकणारा यानावरचाच एक कर्मचारी आहे. काळाचा रक्षक म्हणून टीव्हीवर दगडी कडं दिसतं, कॉमिकमध्ये महाकाय म्हातारे उभे आहेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. मला स्वतःला प्रसारित शेवटच अधिक भिडतो, पण कॉमिक वाचल्यावर एलिसन इतके का चिडले हे मात्र कळतं.

चित्रपट मध्येच आला तर?

हा प्रकार मला सर्वात रंजक वाटतो, कारण इथे लेखकांची खरी कसरत दिसते. १९८४ मध्ये डीसी कंपनीने ‘स्टार ट्रेक’ची मासिक मालिका सुरू केली. पडद्यावर तेव्हा दुसरा चित्रपट होऊन गेला होता आणि त्याच्या शेवटी स्पॉक मेला होता. कॉमिकचे लेखक माइक डब्ल्यू. बार यांनी ठरवलं, ठीक आहे, स्पॉकविना पुढच्या मोहिमा लिहू. लिहिल्याही. काही महिन्यांत तिसरा चित्रपट आला. तो सुरू होतो तोच दुसऱ्याच्या लगेच नंतर, लढाईत पोळलेलं यान लंगडत घरी परततंय तिथे. मग मधल्या मोहिमा केल्या कुणी आणि कधी? त्याला उत्तर नाही.

तिसऱ्या चित्रपटात स्पॉक परत आला, पण त्याचं मन अर्धवट कोरं होतं. एन्टरप्राइझ नष्ट झालं. कर्क आणि मंडळी हुकूम मोडून पळालेली, शत्रूच्या, म्हणजे क्लिंगॉनांच्या, बळकावलेल्या यानातून व्हल्कन ग्रहावर पोचलेली. चौथा चित्रपट यायला दोन वर्षं होती आणि मासिक तर दर महिन्याला काढायचं होतं. फरारी कर्क आणि विसराळू स्पॉक घेऊन दोन वर्षं काय करणार? बार यांनी समांतर विश्वाची आठ अंकांची मोठी कथा रचली, तीत स्पॉकचं मन ताळ्यावर आणलं आणि शेवटी कर्कच्या हाती ‘एक्सेल्सियर’ नावाचं नवं यान दिलं. स्पॉकलाही ‘सुराक’ नावाचं स्वतःचं यान मिळालं. घडी छान बसली.

मग १९८६ च्या नोव्हेंबरात चौथा चित्रपट आला आणि तो सुरू होतो पुन्हा व्हल्कनवर. कर्क फरारी, दाराशी क्लिंगॉन यान, स्पॉक अजून मन जुळवतोय. घरमालक अचानक दारात उभा आणि घर मूळ अवस्थेत दाखवायचंय, अशी वेळ. कॉमिकवाल्यांनी काय करावं? ‘सुराक’वरच्या सगळ्या माणसांचा बळी घेतला, स्पॉकचं मन पुन्हा बिघडवलं, कर्कला पुन्हा सरकारशी बेबनाव करायला लावून क्लिंगॉन यानात बसवलं आणि सगळ्यांना व्हल्कनवर आणून सोडलं. दोन वर्षांची इमारत एका झटक्यात उतरवली. वाचताना हे भराभर आवरलेलं जाणवतं, थोडं हसूही येतं. तरी उद्या कुणी मला तेच काम दिलं असतं, तर याहून बरं काही जमलं असतं असं वाटत नाही.

मग यातलं खरं काय धरायचं?

चाहते यासाठी ‘कॅनन’ हा शब्द वापरतात. कॅनन म्हणजे मालिकेच्या मालकाच्या लेखी जे खरोखर घडलं ते. पुढच्या लेखकांना ते पाळावं लागतं. ‘स्टार ट्रेक’मध्ये सर्वसाधारण नियम असा की पडद्यावर आलं ते कॅनन, छापलं गेलं ते नाही. पण पडद्यावरचंही कधीकधी वगळलं जातं. १९७३-७४ ची ॲनिमेटेड मालिका १९८० च्या दशकाअखेरीस कॅननबाहेर काढली गेली, पुढे पुन्हा आत घेतली गेली. मधल्या काळात तिच्यातली दोन पात्रं डीसीच्या नव्या मासिकात वापरायला मनाई होती, जरी जुन्या मासिकात ती बिनदिक्कत वावरत होती. ‘डॉक्टर हू’बद्दल बीबीसीने अशी यादी कधी केलेलीच नाही. हे शहाणपण आहे असं माझं मत.

‘काउंटडाउन’ हे २००९ च्या चित्रपटाआधीचं चार अंकी कॉमिक. खलनायक नीरो कोण, तो इतका का पेटलाय, हे चित्रपटात घाईत उरकलं आहे. कॉमिकमध्ये त्याचं घर, त्याची बायको, त्याच्या ग्रहाचा विनाश सगळं दिसतं. त्याच कॉमिकमध्ये यंत्रमानव डेटा पुन्हा जिवंत होऊन एन्टरप्राइझचा कॅप्टन झालेला आहे. ११ वर्षांनी ‘पिकार्ड’ ही मालिका आली. तिच्या पहिल्या पर्वात ग्रहाचा विनाश कायम, पण डेटा आपला मेलेलाच. मालकाने हवं ते ठेवलं, नको ते सोडून दिलं. कॉमिकच्या लेखकांना विचारायची त्याला गरजच नव्हती.

गणलंच जात नाही, तर वाचायचं कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. पण इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांत वेताळ वाचताना आपण कुणाला विचारलं होतं की हे ‘अधिकृत’ आहे का?

गमतीपलीकडेही एक कारण आहे. मालिका बंद पडते तेव्हा कॉमिक बहुधा चालू राहतं. ‘स्टार ट्रेक’ १९६९ मध्ये बंद झाली. गोल्ड कीचे अंक आणखी १० वर्षं निघाले. ‘डॉक्टर हू’ १९८९ मध्ये थांबली आणि २००५ मध्ये परतली. या मालिकेत डॉक्टर मरणाच्या दारी नवं शरीर आणि नवा चेहरा घेतो, म्हणून नट बदलला की डॉक्टरचा क्रमांक बदलतो. मध्ये १९९६ ला एकच टीव्हीपट झाला, त्यातला आठवा डॉक्टर त्या काळात पडद्यावर एकदाच दिसला; ‘डॉक्टर हू’च्या मासिकातल्या चित्रकथेत मात्र तो वर्षानुवर्षं फिरत होता. २००५ मध्ये त्या चित्रकथेचा शेवट करताना आठव्याचा नववा डॉक्टर होताना दाखवायची मुभा मासिकाला मिळालेली होती. पण नववा मासिकातल्या सोबतीणीबरोबर पुढे चालवता येणार नव्हता, म्हणून त्यांनी ते दाखवायचंच नाही असं ठरवलं. अशी संधी सोडणं सोपं नसतं.

आणि कागदावरचं कधीकधी पडद्यावर चढतं. १९६० च्या दशकातल्या त्या डालेक चित्रकथेत सोनेरी, भोपळ्याएवढ्या डोक्याचा डालेक सम्राट होता. १९८८ मध्ये मालिकेत सम्राट आला तो तशाच गोल डोक्याचा. त्याहून मोठी गोष्ट २०२३ मधली. ‘डॉक्टर हू’च्या साठाव्या वर्षाचा पहिला विशेष भाग ‘द स्टार बीस्ट’ हा १९८० च्या चित्रकथेवर बेतलेला होता. ती पॅट मिल्स यांनी लिहिली आणि डेव्ह गिबन्स यांनी काढली होती. तीतला मीप हा गुबगुबीत, केसाळ, मोठ्ठ्या डोळ्यांचा प्राणी पाहताक्षणी कुशीत घ्यावासा वाटतो, आणि तोच आतून क्रूरकर्मा निघतो. रबरी मुखवट्यांच्या जमान्यात हे सोंग टीव्हीवर उभं राहिलं असतं का, याची मला शंका आहे. ४३ वर्षांनी तंत्र आलं, तेव्हा गोष्ट तयारच होती, आणि श्रेयनामावलीत मिल्स आणि गिबन्स यांची नावंही आली.

सुरुवात कुठून करावी?

मालिका पाहिलेली असेल तर एलिसनचं कॉमिक आधी घ्या, कारण तुलनेला मूळ भाग हाताशी असतो. मालिका पाहिलीच नसेल तर ‘द स्टार बीस्ट’ची मूळ चित्रकथा घ्या; तिला पूर्वपीठिका लागत नाही आणि ती घरातली दहा-बारा वर्षांची मुलंही वाचतील. डीसीचे अंक मात्र दुसरा, तिसरा आणि चौथा चित्रपट पाहिल्याशिवाय उघडू नका. आणि गोल्ड कीचे अंक मिळाले तर फुगे वाचायच्या फंदात न पडता एकदा नुसती जोलित्तींची चित्रं बघत जा.